स्वच्छ हवेचा वास

बाईंनी एकाच चित्राच्या तीन प्रती टेबलावर ओळीने मांडल्या आणि काही न बोलता खुर्चीत बसल्या. चित्रकलेच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण आधी पाहायला लावायचं आणि मग बोलायचं ही सवय गेलेली नाही.

मी लोकांची छायाचित्रं आणि चित्रं छापून देतो. घरी कुठला प्रिंटर घ्यावा हे विचारायलाही लोक येतात, आणि त्यांना सांगणं हा माझ्या कामाचा बिनपगारी भाग. चार वर्षांपूर्वी बाई त्यासाठीच आल्या होत्या. जलरंगातल्या त्यांच्या चित्रांच्या प्रती घरीच छापून विकायच्या होत्या. मी त्यांना सहा रंगांचा, टाकी भरायचा, डाय शाईचा, म्हणजे विरघळलेल्या रंगाच्या शाईचा, प्रिंटर सुचवला. शाई पुरवठ्याला येते, रंग झळझळीत उमटतात, दोन-चार आठवडे बंद राहिला तरी नोझल, म्हणजे शाई सोडणारी बारीक भोकं, सहसा बुजत नाहीत. शिवाय खोक्यावर टिकाऊपणाचा भला मोठा आकडा छापलेला होता.

टेबलावरची पहिली प्रत नदीकाठच्या संध्याकाळची होती. म्हणजे मला ती संध्याकाळ वाटली. दुसऱ्या प्रतीत तीच नदी, तोच काठ, पण सकाळ. आकाश निळं, पाण्यात हिरवट सावल्या. तिसरी प्रत बहुतेक सकाळचीच, फक्त डाव्या कडेला दोन बोटं रुंदीचा पट्टा संध्याकाळचा. मधली रेघ फूटपट्टी ठेवून मारल्यासारखी सरळ.

‘‘पहिली माझ्या खोलीत भिंतीवर होती. दुसरी ज्यांनी विकत घेतली त्यांच्याकडून प्रदर्शनासाठी मागून आणली. तिसरी टेबलाच्या खणातली. आता सांग.’’

खरं सांगायचं तर माझ्या मनात पहिली आशा उगवली ती अशी, की बाईंनी टाकीत दुसरीच कुठलीतरी स्वस्त शाई ओतली असेल. या धंद्यात ही आशा फार उपयोगी पडते, दहातल्या आठ तक्रारी तिथेच मिटतात. मी तसं हळूच विचारलं. बाईंनी पिशवीतून रिकाम्या बाटल्या काढल्या. सगळ्या मूळ कंपनीच्या, प्रत्येकीवर उघडल्याची तारीख बाईंच्या गोल अक्षरात. कागदाचं पाकीटही जपून ठेवलेलं. माझा मार्ग तिथेच बंद झाला.

मग उजेड. रंग उडाला की सगळे उन्हाला दोष देतात, मीही दिला. पण जी प्रत ताजी राहिली होती ती तर खिडकीसमोर टांगलेली असायची, आणि खणातल्या प्रतीवर उजेड पडायचा प्रश्नच नव्हता. फरक एकच. खिडकीसमोरची प्रत काचेमागे होती. भिंतीवरची उघडी होती, कारण काचेत चमक येते आणि ब्रशचा फटकारा नीट दिसत नाही असं बाईंचं म्हणणं. आणि खण? तो दोन वर्षांपासून पुरता बंद होत नाही. वरचे कागद आकाराने जरा लहान, त्यामुळे खालच्या प्रतीची एक कड उघडी राहिलेली. दोन बोटं.

काचेने उजेड अडवला नव्हता, हवा अडवली होती.

मी स्पेक्ट्रो, म्हणजे रंग मोजायचं यंत्र, काढला आणि खणातल्या प्रतीवर रेघेच्या अलीकडे-पलीकडे मोजलं. पिवळा जवळजवळ जागच्या जागी, मॅजेंटा, म्हणजे छपाईतला गुलाबी, थोडा खाली, सायन, म्हणजे छपाईतला निळा, मात्र पार कोसळलेला. निळं गेलं की उरतं ते नारिंगी. सकाळची संध्याकाळ होते ती अशी.

‘‘बाई, तुमच्या खोलीत झेरॉक्सचं जुनं यंत्र वगैरे आहे का?’’

‘‘नाही.’’

‘‘वीज कडाडून गेल्यावर हवेत एक उग्र वास येतो, तसा वास येतो का कधी?’’

‘‘येतो की. दम्यासाठी हवा शुद्ध करायचं यंत्र आणलंय, आयन सोडणारं. खणाशेजारीच असतं. मला वाटायचं, स्वच्छ हवेचा वासच तसा असतो.’’

तो ओझोनचा वास. आयन सोडणाऱ्या यंत्रांतून तो कमी-जास्त निघतोच, आणि साध्या हवेतही थोडा असतोच. २००० च्या सुमाराला एका नामांकित कंपनीच्या फोटो प्रिंटरवर छापलेले फोटो काही घरांत आठवड्या-दोन आठवड्यांत नारिंगी झाले होते. लोक चक्रावले, कारण शेजारच्या घरात तेच फोटो ठणठणीत. शेवटी दोष निघाला हवेतल्या वायूचा आणि सच्छिद्र लेपाच्या कागदाचा. झटपट वाळणारा फोटो कागद म्हणजे सूक्ष्म छिद्रांचा स्पंज. शाई क्षणात आत जाते, बोट लावलं तरी पसरत नाही, गिऱ्हाईक खूश. पण छिद्रं उघडीच राहतात, आणि त्यातून हवाही आत जाते. हे सगळं मला माहीत होतं. दुसऱ्यांना सांगून मी भावही खाल्लेला आहे.

‘‘सायनच का?’’ बाईंनी विचारलं. मी म्हटलं, या शायांतला सायन बहुधा थॅलोसायनिन घराण्यातला असतो. त्यावर बाई ताठ बसल्या. ‘‘थॅलो ब्लू? अरे, तो तर माझ्या पेटीतला सर्वांत पक्का रंग! वाट्टेल तेवढा उन्हात ठेव.’’

त्यांचं बरोबर होतं. जलरंगातला थॅलो ब्लू पक्काच असतो, आणि पिगमेंट शाईतला सायनही त्याच जातीचा. पण तिथे तो कणाच्या रूपात असतो. एकेका कणात हजारो रेणू थरावर थर रचलेले. वायूने बाहेरचा थर खाल्ला तरी आतला रंग शाबूत, आणि शाईच्या कणावर वरून राळेचं कवचही असतं. डाय शाईत तेच रेणू विरघळणारे करून पाण्यात सुटे केलेले असतात. कागदात ते एकेकटे बसतात. आडोसा नाही. घराणं एकच, पण एक वाड्यात राहतो आणि दुसरा रस्त्यावर. बाईंना हे चटकन पटलं. रंग खलात घोटून पाहिलेल्या माणसाला कण म्हणजे काय ते वेगळं सांगावं लागत नाही.

इथवर मी गुप्तहेराच्या थाटात होतो. मग बाईंनी वही काढली.

त्यात मागच्या वर्षीच्या एका फोनची नोंद होती. भिंतीवरच्या प्रतीपेक्षा संगणकाच्या पडद्यावर चित्र फार निळं दिसतं, काय करू, असं त्यांनी मला विचारलं होतं. मी काय म्हणालो ते मला आठवत नव्हतं. त्यांनी लिहून ठेवलं होतं: ‘पडदे निळेच असतात. प्रिंटवर विश्वास ठेवा.’ हे उत्तर मी वर्षाला पन्नास वेळा देतो आणि बहुतेक वेळा ते खरं असतं. कारखान्यातून येणारे पडदे थंड आणि भगभगीत असतात, त्यांची चमक उतरवून, रंग मोजून घ्यावे लागतात. पण बाईंचा पडदा बरोबर होता. प्रिंट गेलेला होता. मूळ चित्र विकलं गेलेलं, त्यामुळे पडताळायला काही नाही. माझ्या शब्दावर विसंबून बाईंनी फाइलमध्ये निळा कमी केला, तांबूस वाढवला, भिंतीवरच्या प्रतीशी जुळेपर्यंत. आणि नव्या सहा प्रती छापल्या. त्याही विकल्या गेल्या.

चाळीस वर्षं मुलांना रंग शिकवलेली बाई. रोज त्या भिंतीसमोर बसायची. रंग इतका सावकाश सरकला की डोळाही बरोबर सरकत गेला. याचं मला अजूनही नवल वाटतं. स्वतःचं मात्र नवल वाटत नाही. मी ती प्रत पाहायलाच गेलो नव्हतो.

आता त्या खोक्यावरच्या आकड्याविषयी. प्रिंट किती टिकतो याच्या चाचण्यांत विल्हेल्म इमेजिंग रिसर्च या अमेरिकी संस्थेचं नाव सर्वांत जास्त घेतलं जातं. त्यांच्या तक्त्यात एकाच शाई-कागदाच्या जोडीसाठी वेगवेगळे रकाने असतात. काचेमागे टांगलेला प्रिंट, अतिनील किरण अडवणाऱ्या काचेमागचा, काचेशिवाय उघडा, अल्बममध्ये अंधारात ठेवलेला, आणि ओझोनपुढे किती तग धरतो ते वेगळं. टांगलेल्या प्रिंटचा हिशेब ४५० लक्स उजेड दिवसाला १२ तास असा धरलेला असतो. जाहिरात करणारे यातला सर्वांत लठ्ठ आकडा उचलतात, म्हणजे अल्बमचा, आणि अटी बारीक अक्षरात तळाला टाकतात. खोटं कोणीच बोलत नाही. बाईंना मी तोच आकडा सांगितला होता. चित्र भिंतीवर लावणार की अल्बममध्ये, हे विचारलंच नाही. ‘आर्काइव्हल’, म्हणजे दीर्घकाळ जपून राहणारा, या शब्दाचंही तसंच. तो कुणीही कशावरही छापतो. बाईंच्या कागदाच्या पाकिटावरही होता, आणि अतिनील टॉर्च मारल्यावर तो कागद निळाशार चमकला. म्हणजे पांढरेपणासाठी घातलेली चमकद्रव्यं. ती काही वर्षांत थकली की कागद आपल्या मूळ पिवळसर रंगावर येतो.

बाई तक्रार करायला आल्याच नव्हत्या. नवा प्रिंटर घ्यायचा होता आणि पुन्हा मलाच विचारायचं होतं. या वेळी मी आधी विचारलं.

चित्र केवढं? अर्धा इम्पीरियल, म्हणजे १५ बाय २२ इंच. तर मग १३ इंची प्रिंटर मूळ आकारात छापूच शकत नाही, १७ इंची हवा. कागद? मॅट, कापसाचा, चमकद्रव्य नसलेला. त्यावर काळा रंग चकचकीत कागदाइतका गडद कधीच उतरत नाही, पण जलरंगाला तेवढा काळा लागतोही कुठे. शाई अर्थातच पिगमेंट. पर्याय मुख्यतः दोन. एप्सनचा शुअरकलर पी९०० दहा शायांचा, त्यात जांभळी शाई वेगळी. अल्ट्रामरीनकडून जांभळ्याकडे जाणाऱ्या छटांत बाईंचा जीव अडकलेला, आणि नेमक्या तिथेच साध्या चार-सहा रंगांच्या छपाईचा दम निघतो. मॅट आणि फोटो या दोन्ही काळ्या शायांना स्वतंत्र नोझल असल्याने कागद बदलला की शाई वाया जात नाही. जुन्या यंत्रांत प्रत्येक बदलाला घोटभर काळी शाई सांडायची, तो हिशेब आठवला की मला अजून राग येतो. दुसरा कॅननचा प्रो-१०००. बारा टाक्या, त्यातली एक बिनरंगी, चकचकीत कागदावर चमक एकसारखी दिसावी म्हणून. मॅट छापणाऱ्या बाईंना तिचा फायदा नाही. पण एखादं नोझल बुजलं तर दुसरं त्याचं काम उचलतं, आणि प्रिंटहेड घरच्या घरी बदलता येतं.

मग अवघड प्रश्न. छापणार किती वेळा? ‘‘कधी आठवड्यात चार, कधी दोन महिने काहीच नाही.’’

पिगमेंट प्रिंटरला हे मानवत नाही. कण जड असतात, शाई थांबली की खाली बसतात आणि नोझलच्या तोंडाशी सुकतात. मग नोझल चेकमध्ये रेघा तुटक येतात, हेड साफ करा, पुन्हा चेक, पुन्हा साफ. तेवढ्या वेळात प्रिंटांत गेली असती तेवढी शाई मेंटेनन्स टाकीत, म्हणजे वाया शाईच्या डब्यात, जाते. काही यंत्रं तर स्वतःच उठून सफाई करतात, तुम्ही विचारा वा न विचारा. नवं यंत्र हाती आल्यावर आठ दिवसांत परीक्षण लिहिणाऱ्यांना यातलं काही दिसत नाही. दोन महिने कापड टाकून ठेवा आणि मग लिहा म्हणावं.

इतक्या कमी छपाईला घरी प्रिंटर न घेता बाहेर छापून घेणंच शहाणपणाचं, हे माझं प्रामाणिक मत. पण मी बाहेर छापून देणारा माणूस. ते वाक्य तोंडातून निघणार कसं? निघालं, अडखळत. बाई हसल्या. ‘‘म्हणजे तुझ्याकडे?’’

‘‘कुणाकडेही.’’

‘‘नको. प्रत माझ्या हातून निघायला हवी. ती कागदावर उतरताना मी तिथे असायला हवी.’’

यावर काही बोलण्यासारखं नव्हतं. ठरलं ते असं. जांभळ्यासाठी पी९००. दर रविवारी पोस्टकार्डाएवढा एक प्रिंट, सगळे रंग येतील असा, छापायचं काही असो वा नसो. आयनचं यंत्र त्या खोलीतून हद्दपार, आणि दम्यासाठी साधी गाळणी असलेलं आणायचं. प्रिंट निघाला की दिवसभर उघडा वाळू द्यायचा, मगच फ्रेम. काच हवीच, पण मध्ये माउंट, म्हणजे जाड पुठ्ठ्याची चौकट, चित्र काचेला टेकता कामा नये. फ्रेमवाले हे हटकून विसरतात. हे सगळं झाल्यावरही पिगमेंट म्हणजे अमरपट्टा नाही, त्यातही पिवळा आधी थकतो, असं मी दोनदा सांगितलं. बाई लिहून घेत होत्या, त्यामुळे मी जरा जपूनच बोलत होतो.

निघताना त्यांनी विक्रीची नोंदवही दाखवली. एकतीस प्रती, कुणाला, कधी. त्यातल्या किती काचेमागे आहेत ते ठाऊक नाही. त्या सगळ्यांना पत्रं लिहिणार होत्या. नव्या शाईची प्रत बदलून देणार, आधी पाठवणार ती त्या सहा तांबूस प्रतीवाल्यांना. मी म्हटलं, त्या सहा मी छापून देतो. त्यांनी मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही.

नव्या प्रिंटरसाठी वहीत नवे रकाने आखलेले होते. तारीख, कागद, शाई, काच आहे-नाही. शेवटचा रकाना ‘सल्ला’. त्याखाली पहिल्या ओळीत माझं नाव, तारखेसकट.

मी कापसाच्या कागदावर पिगमेंटची एक पट्टी छापून अर्धी काळ्या कागदाने झाकली आहे, आणि बाईंचं ते आयनचं यंत्र मागून आणून तिच्याशेजारी लावून ठेवलं आहे. आज एकोणिसावा दिवस. खोलीत तो वास भरून आहे. मी सकाळी दार उघडतो, कागद उचलून पाहतो, आणि दिवसातून एकदा मोजतो. फक्त डोळ्याने पाहत नाही.