तुम्ही विचारलंत म्हणून : अख्खा डोळा का बदलता येत नाही?

भंडारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी नेत्रतपासणीचे शिबिर भरले की, जीवशास्त्राचा शिक्षक म्हणून मला एक प्रश्न हमखास विचारला जातो : मोतीबिंदू काढता येतो, मेलेल्या माणसाचे बुबुळ जिवंत माणसाला बसवता येते, तर मग अख्खा डोळाच का बदलता येत नाही?

बुबुळ म्हणजे डोळ्याचा दर्शनी पारदर्शक पडदा. त्याने प्रकाश आत सोडला की त्याचे काम झाले. खरी अडचण मागच्या बाजूला आहे. दृष्टिपटलातल्या, म्हणजे डोळ्याच्या आतल्या मागच्या पडद्यातल्या, सुमारे दहा लाख चेतापेशींचे तंतू एकत्र येऊन दृष्टिचेता बनते, आणि हे तंतू आपण आईच्या पोटात असतानाच मेंदूतल्या आपापल्या जागी जाऊन पोचलेले असतात. शेजारच्या पेशींचे तंतू मेंदूतही शेजारीच उतरतात. ही मांडणी विस्कटली, तर उजेड कदाचित जाणवेल, पण समोर बैल आहे की बंडी, ते कळणार नाही.

मेंदूतली ही वाट तंतूंना सापडते कशी, याचा पहिला पक्का धागा बेडकाने दिला. बेडकाची तुटलेली दृष्टिचेता पुन्हा वाढते. अमेरिकी शास्त्रज्ञ रॉजर स्पेरी यांनी १९४० च्या दशकात ती कापली आणि डोळा खोबणीतच १८० अंशांत फिरवून ठेवला. काही काळाने नजर परत आली, पण उलटी : माशी वर धरली की बेडूक खाली झेपावत असे. पावसाळ्यात धानाच्या बांधीतला बेडूक धुऱ्यावरचा किडा किती अचूक टिपतो, हे तुम्ही पाहिलेच आहे. स्पेरींच्या बेडकांना मात्र ही चूक पुढेही सुधारता आली नाही. तंतू सरावाने शिकत नव्हते, ते जुन्याच जागी परतत होते. प्रत्येक तंतूवर आणि त्याच्या मुक्कामावर रासायनिक खूण असली पाहिजे, असे स्पेरींनी १९६३ मध्ये मांडले.

१९९५ मध्ये कोंबडीच्या पिलांच्या मेंदूत अशा खुणा सापडल्या. त्या प्रथिनांना एफ्रिन म्हणतात. मला यातली गंमत ही वाटते की, ही प्रथिने तंतूंना बोलावत नाहीत, हुसकावतात. तंतू जिथे उतरतात, मेंदूच्या त्या भागात एफ्रिन पुढे कमी आणि मागे जास्त असते; दृष्टिपटलाच्या कानशिलाकडच्या बाजूने आलेल्या तंतूंना ते फार झोंबते, म्हणून ते पुढेच थांबतात, आणि नाकाकडच्या तंतूंना तितके झोंबत नाही, म्हणून ते मागपर्यंत जातात. एवढ्याने ढोबळ नकाशा तयार होतो. आपल्यासारख्या सस्तन प्राण्यांत डोळे उघडण्यापूर्वीच दृष्टिपटलावर विद्युत संदेशांच्या लाटा उठतात; शेजारच्या पेशी एकाच वेळी चेततात आणि त्यामुळे जोडण्या अधिक नेमक्या होतात.

मग बेडकाला जमते ते आपल्याला का जमत नाही? आपली दृष्टिचेता तुटली की तिच्या पुष्कळशा पेशी मरतात, आणि उरलेल्यांच्या वाढीला भोवतालच्या आवरणातली प्रथिने अडवतात. न्यूयॉर्कमध्ये मे २०२३ मध्ये एका माणसाला चेहऱ्याच्या काही भागासह अख्खा डोळा बसवण्यात आला. त्या डोळ्यात रक्त खेळते राहिले, पण त्याला दिसू लागले नाही. तेव्हा नेत्रदानाचा अर्ज भरताना तुम्ही देता ते मुख्यतः बुबुळ असते, आणि त्यासाठी घरच्यांनी नेत्रपेढीला मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढता येतील इतक्या लवकर कळवायचे असते.