चिपाडाची फिल्म अखेर सपाट सुटली

काचेवर ओतून वाळवलेली स्टार्चची फिल्म, म्हणजे प्लास्टिकसारखा पातळ पापुद्रा, अखंड निघाली आणि कडा वळल्या नाहीत! टॅपिओका स्टार्च, त्याच्या वजनाच्या ३० टक्के ग्लिसरीन, ५ टक्के उसाचं चिपाड. निव्वळ स्टार्चची फिल्म आपण सगळेच काढतो. तंतू घातल्यावर ती सपाट राहणं, हे घोडं अडलं होतं.

मागच्या नोंदीत लिहिलंच होतं, वाळताना कडा उन्हातल्या पापडासारख्या उचलायच्या आणि मग मधोमध तडा. बहुतेकांनी ग्लिसरीन वाढवायला सांगितलं. वाढवलं, फिल्म मऊ झाली, चिकट झाली, पण वळायची ती वळलीच. शेवटी वळलेला तुकडा आडवा कापून भिंगाखाली धरला. चिपाड सगळं तळाशी! वर जवळजवळ नुसता स्टार्च. पाणी उडेल तसा वरचा थर आकसतो, खालच्याला तंतू आकसू देत नाहीत आणि त्या ओढाताणीत कडा वर येतात. ग्लिसरीनचा इथे संबंधच नव्हता.

मग चिपाड १०० मेशच्या चाळणीतून, म्हणजे साधारण १५० मायक्रॉनखालचंच घेतलं. फरक पडला, पण थोडं तरीही बसायचं. खरी कळ तापमानात निघाली. खळ ८५ अंशांना पातळ असते. ५० पर्यंत निवू दिली की इतकी दाट होते की तंतू जागचे हलत नाहीत. तेव्हा ओतायची. मात्र दाट खळीत बुडबुडे अडकतात आणि प्रत्येक बुडबुड्याचं वाळल्यावर भोक होतं. ही हवा ढवळण्यातून कमी आणि चिपाडातल्या भुशाच्या पोकळ्यांतून जास्त येते. म्हणून आता चिपाड आधी नुसत्या पाण्यात उकळतो, तरंगायचं थांबून बुडेपर्यंत. पाणी पूर्ण गार झालं की त्यातच स्टार्च कालवून पुन्हा तापवायला ठेवतो. गरम पाण्यात स्टार्च टाकला तर गुठळ्या ठरलेल्या.

चिपाडाची कॉस्टिक सोड्याने धुलाई (५ टक्के द्रावण, हातमोजे आणि चष्मा घालूनच) मी सोडणार नाही. पाणी तपकिरी होतं, म्हणजे लिग्निन (तंतूंना एकमेकांशी जखडून ठेवणारा घटक) सुटतंय, आणि तंतू स्टार्चला नीट धरतात. नंतर पीएच पेपर ७ दाखवेपर्यंत धुवायचं, नाहीतर फिल्म पिवळी पडते. साधनांबद्दल माझं मत पक्कं आहे: सोनारी काटा घ्या. स्वयंपाकघरातल्या काट्यावर अर्धा ग्रॅम चिपाड मोजताच येत नाही. आणि ओतायला जाड काचच. सिलिकॉनची चटई कितीही ताणून बसवली तरी मध्ये झोळ राहतो.

फिल्मच्या पट्ट्या ताणून तोडायच्या आणि ताकद मोजायची, ती ओढचाचणी. पावसाळ्यात उघड्यावर केलेल्या ओढचाचणीला अर्थ नाही, कारण ग्लिसरीन हवेतलं पाणी ओढतं. हवाबंद डब्यात मिठाचं संपृक्त द्रावण ठेवलं की आर्द्रता ७५ टक्क्यांवर टिकते. पट्ट्या त्यात ठेवूनच तोडणार.

पुढे केळीचं सोपट घ्यायचं ठरवलं होतं. पण हे लिहितानाच वाटतंय, तंतू बदलण्याआधी स्टार्च बदलावा. कुरडयांसाठी काढतो तो गव्हाचा चीक! गव्हाच्या स्टार्चमध्ये अमायलोज (स्टार्चमधला सरळ साखळ्यांचा भाग) टॅपिओकापेक्षा जास्त, म्हणजे फिल्म अधिक ताठ यायला हवी. चीक घरचा असल्यामुळे ग्लूटेन (गव्हातलं चिकट प्रथिन) थोडं राहणारच. ते पाणी बदलून बदलून किती जातं ते आधी बघतो. सोपट तोवर वाळत राहू दे. कोणी चिकाची फिल्म काढली असेल तर ग्लिसरीन किती घातलं ते जरूर सांगा.