एकाच वेताची, तरी वेगळी

आज तिसऱ्यांदा तोच प्रश्न आला: मांजरीची एकाच वेतातली दोन पिल्लं, एक मांडीवरून उठत नाही, दुसरं पलंगाखालून निघत नाही. आमचं काय चुकलं?

बहुतेकदा काहीच नाही. मांजर माणसाळतं ते मुख्यतः वयाच्या 2 ते 7 आठवड्यांत. त्या काळात माणसाचा हात लागला नसेल तर पुढे लाडात आलंच, तर स्वतःच्या अटींवर. बापाचा धीटपणाही पिल्लांत उतरतो, आणि एका वेतात दोन बोक्यांची पिल्लं असू शकतात!

मांडी नको म्हणजे माया नाही, असं नसतं. हातभर अंतरावर येऊन बसणं, शेपटी उभी करून समोर येणं, डोळे सावकाश मिटून उघडणं हे लाडच.

बुजऱ्या मांजरासाठी जमिनीवर बसा. एक बोट त्याच्या नाकाच्या उंचीवर धरा आणि थांबा. गाल घासला तर गाल, हनुवटी, कानामागे 3 सेकंद खाजवून हात काढा. पुन्हा ढुशी दिली तरच पुढे. पोट दाखवलं म्हणजे आमंत्रण नव्हे. बरेच बोचकारे तिथेच बसतात. पाठीची कातडी थरथरली, शेपटी आपटू लागली, कान आडवे झाले की हात मागे.

कालपर्यंत लाडावलेलं मांजर एकाएकी हात लावू देईना, तर स्वभावाला दोष देऊ नका. दात, सांधे तपासून घ्या. आणि बोका लघवीला सारखा बसतोय, थेंबही येत नाही, तर सकाळची वाट बघू नका, लगेच डॉक्टरकडे न्या.