पिशवी पांढरी झाली, पण अळिंबी काही येईना : माझा अनुभव

धिंगरी अळिंबी वाढवताना काड भिजवणे, गरम पाण्यातून काढणे, निथळवणे आणि स्पॉनचे, म्हणजे अळिंबीच्या बियाण्याचे, थर देत पिशवी भरणे ही कामे विनासायास पार पडली. अठराव्या दिवशी पिशवी पांढरीशुभ्र झाली आणि खरा खोळंबा तिथून सुरू झाला.

पुढचे सोळा दिवस मी सकाळ-संध्याकाळ कपाट उघडून पाहत होते, पण एकही कोंब दिसेना. स्पॉन देणाऱ्याने "पिशवी पांढरी झाली की आठवड्यात अळिंबी येते" एवढेच सांगितले होते. त्यासाठी आपल्याला काही करावे लागते, हे त्याने सांगितलेच नाही, याचा राग मला अजून आहे.

अळिंबी ही एक बुरशी आणि तो पांढरा थर हेच त्या बुरशीचे खरे शरीर असते, हे मला त्या सोळा दिवसांत वाचून कळले. तिचे तंतू टोकाशी वाढत पुढे सरकतात, विकरे (एन्झाइम) बाहेर सोडून काडातले सेल्युलोज आणि लिग्निन विघटित करतात आणि विरघळलेले अन्न पेशीभित्तिकेतून आत शोषून घेतात. छत्री, म्हणजे आपण खातो ती अळिंबी, ही फक्त बीजाणू हवेत सोडण्यासाठी उगवते. बंद पिशवीत कार्बन डायऑक्साइड साचलेला आणि कपाटात अंधार, म्हणजे बुरशीच्या लेखी ती अजून, रानात वाढते तशी, कुजक्या ओंडक्याच्या आतच होती. तिथे छत्री उभारून बीजाणू जाणार कुठे?

मी पिशवीला ब्लेडने काप दिले, ती मंद उजेडात आणि खेळत्या हवेत टांगली आणि आजूबाजूला दिवसातून तीनदा पाण्याचा फवारा मारला. पाचव्या दिवशी एका कापातून टाचणीच्या डोक्याएवढे राखाडी ठिपके झुपक्याने बाहेर आले, तेव्हा मला झालेला आनंद शब्दांत मावणारा नाही. त्यानंतर चार दिवसांत त्यांच्या तळहाताएवढ्या छत्र्या झाल्या, कारण ही झपाट्याची वाढ मुख्यतः आधीच तयार झालेल्या पेशी पाण्याने फुगल्यामुळे होते. देठ लांब आणि छत्री लहान राहिली, तर हवा कमी पडते आहे असे समजावे.

खरे तर आधीच सांगायला हवे होते : भरण्यापूर्वी काड मुठीत घट्ट आवळून पाहावे, पाण्याची धार लागली, तर ते आणखी निथळू द्यावे. पिशवीत हिरवा डाग दिसला, तर ती ट्रायकोडर्मा ही दुसरी बुरशी असते आणि अशी पिशवी लगेच बाहेर काढावी. छत्रीची कड वर वळण्याआधी तोडणी करावी, नाहीतर खोलीत बीजाणूंची धूळ उडते आणि खोकला होतो.

एक छत्री मी मुद्दाम काळ्या कागदावर पालथी ठेवून वर वाडगे झाकले. सकाळी कागदावर पांढुरक्या भुकटीच्या रेषा उमटल्या होत्या, छत्रीखालच्या पडद्यांसारख्याच, केंद्रापासून कडेपर्यंत गेलेल्या. त्यातल्या एकट्या बीजाणूपासून निघालेला तंतू सहसा छत्री धरत नाही. त्याला जुळणाऱ्या प्रकारचा दुसरा तंतू भेटावा लागतो. मग दोघांची केंद्रके प्रत्येक पेशीत शेजारी-शेजारी राहतात आणि एकरूप होतात ती थेट पुढच्या छत्रीच्या पडद्यांवर, जिथे एकेका पेशीवर चार नवे बीजाणू तयार होतात.