विजयदुर्ग: साहेबाच्या ओट्यांवर एक दुपार

विजयदुर्गला लोक आंग्र्यांसाठी जातात, आम्ही गेलो ओट्यांसाठी. किल्ल्यात दगडी चौथरे आहेत, गावात त्यांना ‘साहेबाचे ओटे’ म्हणतात. साहेब म्हणजे ब्रिटिश खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियर. १८९८ च्या सूर्यग्रहणासाठी त्याच्या दुर्बिणी आणि कॅमेरे इथे मांडले होते.

मुंबई-गोवा महामार्गावर तळेऱ्याला वळायचं, तिथून तासा-दीड तासात किल्ला. रेल्वेने येणार असाल तर कणकवलीला उतरा. एसटी मिळते, पण परतीच्या गाडीची वेळ उतरतानाच कंडक्टरला विचारून ठेवा. पावसाळ्यात पायऱ्यांवर शेवाळ असतं, तेव्हा नोव्हेंबर ते फेब्रुवारी बरा. आत सावली बेताचीच, पाणी आणि टोपी हवीच.

‘हेलियम इथंच सापडला’ हे तुम्हाला हमखास ऐकायला मिळेल. वाद घालत बसू नका, पण हकीकत निराळी आहे. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणाला फ्रेंच शास्त्रज्ञ पिअर जान्सेन गुंटूरला होता, आणि लॉकियर इंग्लंडात. लॉकियरने ऑक्टोबरमध्ये, ग्रहण नसतानाच, सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट, म्हणजे त्यांच्या प्रकाशाचा रंगपट्टा, पाहिला. त्यातली पिवळी रेषा सोडियमच्या जोडरेषेला खेटून होती, पण तिच्यावर बसत नव्हती. ती रेषा हेलियमची. विजयदुर्गला लॉकियर आला तीस वर्षांनी, २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅमसेने १८९५ मध्ये हेलियम एका खनिजातून काढूनही दाखवला होता.

मग इथे झालं काय? माझ्या मते त्याहून रंजक काम झालं. १८६८ मध्ये जो तो डोळ्याने बघून घाईघाईत रेषांच्या जागा टिपत होता. १८९८ पर्यंत ते काम फोटोच्या काचेच्या प्लेटांकडे गेलं होतं. भिंगापुढे लोलक बसवलेला कॅमेरा, आणि वर्णपटासाठी एरवी लागते ती बारीक फट नाहीच. चंद्राने सूर्य झाकत आणला की उरलेली बारीक कोरच फटीचं काम करते, त्यामुळे प्लेटवर प्रत्येक रेषा सरळ न येता चंद्रकोरीसारखी वाकडी उमटते. कोर विझते त्या क्षणी एरवी काळ्या दिसणाऱ्या रेषा काही सेकंद झळाळून उठतात. तेवढ्यात प्लेट बदलायची, झाकण उघडायचं, परत बदलायची. खग्रास स्थिती जेमतेम दोन मिनिटांची! म्हणून ‘मेल्पोमेनी’ या युद्धनौकेवरचे खलाशी हाताशी घेतले आणि त्यांच्याकडून आधी कवायत करून घेतली. तोफखाना सांभाळणारी माणसं काचा सांभाळत होती.

त्या कोरी मोजून, प्रयोगशाळेत घेतलेल्या लोखंड वगैरेंच्या वर्णपटाशी जुळवून मूलद्रव्यं ओळखायची. जांभळ्या टोकाला कॅल्शियमच्या दोन ठसठशीत कोरी, ३९३ आणि ३९७ नॅनोमीटरला. तिथे डोळा जवळजवळ आंधळा असतो, प्लेट मात्र तरबेज. उलट साध्या प्लेटांना पिवळा रंग फारसा कळत नसे, त्यामुळे हेलियमची प्रसिद्ध पिवळी रेषा सोडून त्याची ४४७ नॅनोमीटरची निळी रेषा फोटोत सहज सापडे. त्याच ग्रहणाला पुण्याचे खगोलशास्त्रज्ञ कावसजी नायगमवाला आपल्या सोलापूर जिल्ह्यात, जेऊरला, हेच करत होते. अमेरिकेच्या लिक वेधशाळेचा कॅम्पबेलही तिथेच होता.

वर्णपट स्वतः बघायला आम्ही पुठ्ठ्याचा खोका नेला होता. एका टोकाला दोन ब्लेडांच्या मधली केसाएवढी फट, दुसऱ्या टोकाला मिलिमीटरला १००० रेषांची विवर्तन जाळी, म्हणजे प्रकाशाचे रंग वेगळे करणारी पारदर्शक पट्टी. (डीव्हीडीचा तुकडा चालतो, पण रेषा फिसकटतात.) खोका सूर्याकडे कधीही रोखू नका. पांढऱ्या कागदावर ऊन पाडून त्याच्याकडे रोखा. पिवळ्यात सोडियमची काळी रेघ लगेच दिसली, हिरव्यात मॅग्नेशियमची, निळ्याच्या तोंडाशी हायड्रोजनची. मोबाइलने फोटो घ्यायचा तर फोकस आणि एक्स्पोजर हाताने लॉक करा, आणि एक्स्पोजर कमीच ठेवा. नाहीतर पट्टा पांढराफटक येतो आणि रेघा गायब.

शेजारच्या सहलीतला एक मुलगा खोक्यात डोकावला आणि म्हणाला, “काका, हेलियम कुठाय?” नाहीये, बाबा. दिवसाच्या उन्हात ती पिवळी रेषा दिसत नाही. सूर्याचा पृष्ठभाग जवळपास ५५०० अंश सेल्सियस आहे, आणि हेलियमला ती रेषा उमटवायला तेवढी आच पुरत नाही. कडेबाहेरच्या पातळ, जास्त तापलेल्या थरातच ती पेटते. तो थर उघडा पडायला एक तर खग्रास हवं, नाहीतर लॉकियरकडे होता तसा चांगला वर्णपटदर्शक. मुलाने नाराजीने खोका परत दिला, मग सोडियमची रेघ बघायला पुन्हा मागितला.

हे सगळं करायचं तर सकाळी दहाच्या आत ओट्यांवर पोहोचा. अकरानंतर वारा सुटतो, आणि कागद एका हाताने धरून दुसऱ्या हाताने फोटो काढणं जमत नाही. चिमटे न्या. जेवणाचं गावात आधी सांगून ठेवा, ऐन वेळी मासे मिळतीलच असं नाही.