रविवारी टेंपल बंद असतं

अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीत पत्ता विचारला की लोक रस्त्याचं नाव सांगत नाहीत, आकडे सांगतात. ‘300 साऊथ, 700 ईस्ट’. मोजायला सुरुवात कुठून करायची, तर टेंपल स्क्वेअरच्या, म्हणजे मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या मुख्य मंदिराच्या चौकाच्या, आग्नेय कोपऱ्यापासून. पंथसंस्थापक जोसेफ स्मिथला इलिनॉयमध्ये 1844 साली जमावाने ठार केलं आणि मॉर्मन मंडळींना घरदार सोडून पश्चिमेला निघावं लागलं. स्मिथनंतरचा त्यांचा नेता ब्रिगहॅम यंग त्यांना घेऊन 24 जुलै 1847 रोजी या खोऱ्यात उतरला, काही दिवसांतच त्याने टेंपलची जागा ठरवली आणि तिच्याभोवती शहर आखलं. रस्ते 132 फूट रुंद, कारण बैल जुंपलेली गाडी आरामात वळवता आली पाहिजे. आज त्या रुंदीमुळे रस्ता ओलांडता ओलांडता सिग्नल लाल होतो, ते सोडा.

माझी मावसबहीण शहराच्या दक्षिणेला सँडीत राहते. तिथून ट्रॅक्स या लोकल रेल्वेची निळी लाइन पकडली की थेट टेंपल स्क्वेअरला उतरता येतं. मी गेले तेव्हा टेंपलभोवती क्रेन आणि पत्र्याचं कुंपण होतं. 2019 च्या शेवटी भूकंपरोधक कामासाठी ते बंद केलं, आणि मार्च 2020 मध्ये खरोखरच 5.7 रिश्टरचा धक्का बसला. शिखरावरच्या मोरोनी देवदूताच्या सोनेरी पुतळ्याच्या हातातला कर्णा त्यात निखळून पडला. टेंपल बांधायला मुळात चाळीस वर्षं लागली होती, 1853 ते 1893. दगड लिटल कॉटनवूड कॅन्यनमधून आणलेला, सुरुवातीची बरीच वर्षं बैलगाड्यांनी.

पर्यटक याचा फोटो काढतात आणि मॉर्मन लोक इथे प्रार्थनेला जमतात असं धरून पुढे जातात. तसं नाही. टेंपलमध्ये फक्त परवाना असलेल्या सभासदांना प्रवेश असतो. आत पांढरे कपडे घालून विधी करायचे: विवाह, जो त्यांच्या मते मरणानंतरही टिकतो, किंवा हयात नसलेल्या पूर्वजांच्या नावाने बाप्तिस्मा. आणि रविवारी टेंपल बंद. सगळ्या जगातली त्यांची टेंपलं रविवारी बंद असतात, कारण त्या दिवशी माणसांनी आपापल्या मोहल्ल्यातल्या साध्या प्रार्थनाघरात असायचं असतं.

चौकातलं टॅबरनॅकल मात्र सर्वांना खुलं आहे. 1867 मध्ये बांधलेलं लांबट घुमटाकार सभागृह, मध्ये एकही खांब नाही. व्यासपीठावर टाचणी टाकून दाखवतात, ती शेवटच्या बाकावर ऐकू येते. ऑर्गनला 11,623 नळ्या. तिथलं गायकवृंदाचं प्रक्षेपण 1929 पासून आठवड्याला एकदा सुरू आहे. गुरुवारी संध्याकाळचा सराव मी ऐकला. साडेतीनशेच्या आसपास माणसं, एकालाही मानधन नाही. संचालकाने एकच ओळ पुन्हा पुन्हा म्हणवून घेतली, आणि मला तो सराव कुठल्याही तयार कार्यक्रमापेक्षा जास्त आवडला.

बाहेर पडले तर छातीवर नावाची पट्टी आणि शेजारी छोटा तिरंगा लावलेली एक मुलगी भेटली. हैदराबादची, धर्मप्रसारक म्हणून दीड वर्षासाठी आलेली. बेंगळुरूत टेंपल होणार हे 2018 मध्ये जाहीर झालं तेव्हा आई रडली होती, असं तिने सांगितलं. मी तिला आमच्याकडची गोष्ट सांगितली, जी तिला ठाऊक नव्हती: 1852 मध्ये ह्यू फिंडले नावाचा स्कॉटिश मॉर्मन मुंबईत उतरला आणि पुढे पुण्यात गेला. मूठभर लोक जमवले. पण इंग्रज अधिकाऱ्यांना तो नको होता, आपल्या लोकांना त्याची गरज वाटली नाही, आणि काही वर्षांत सगळं आवरलं. “पुण्यात?” असं तिने दोनदा विचारलं.

रविवारी मी ताईच्या शेजारणीबरोबर प्रार्थनेला निघाले. ताई दारातून म्हणाली, “महिन्याचा पहिला रविवार आहे, उपास असतो त्यांचा. तिकडे काही खायला मिळेल या आशेवर जाऊ नकोस हं.” दोन जेवणं सोडायची आणि वाचलेले पैसे गरजूंसाठी द्यायचे, असा तो उपास. साबुदाणा वगैरे भानगड नाही, पाणीसुद्धा बरेच जण घेत नाहीत.

इमारत पाहून वाटलं, ही शाळा असावी. विटांची, बैठी, वर एक बारीक मनोरा. क्रूस कुठेच नाही, ना बाहेर ना आत. प्रार्थनेच्या खोलीत भिंतींवर येशूचं चित्रही नाही, चित्रं सगळी बाहेरच्या लॉबीत. गादीचे बाक, गालिचा, समोर व्यासपीठ. मागची भिंत म्हणजे घडीचं दार. गर्दी वाढली की ते सरकवतात आणि पलीकडच्या बास्केटबॉलच्या हॉलमध्ये खुर्च्या मांडतात. आम्ही तिथेच बसलो, डोक्यावर बास्केटबॉलची जाळी.

एका भागातल्या काहीशे लोकांचा मिळून एक वॉर्ड होतो. कुठल्या वॉर्डात जायचं हे तुम्ही ठरवत नाही, तुमचा पत्ता ठरवतो. बिशपचं, म्हणजे वॉर्डाच्या प्रमुखाचं, बोलणं आवडत नाही म्हणून पलीकडच्या वॉर्डात जाता येत नाही. मला हे फार शहाणपणाचं वाटलं, नावडत्या माणसाशेजारी बसायची सवय होते. अर्थात एक मेख आहेच. पत्त्याने माणसं वाटली की घरांच्या किमतींनीही ती वाटली जातात. टेकडीवरच्या बंगल्यांचा वॉर्ड वेगळा आणि हायवेलगतच्या भाड्याच्या घरांचा वेगळा.

पगारी पुरोहित नाही. इथला बिशप आठवडाभर लोकांचे दात काढतो. पाचेक वर्षं हे काम करायचं, मग दुसऱ्याची पाळी. ऑर्गन वाजवणारी, मुलांचे वर्ग घेणारी, खुर्च्या मांडणारे, सगळे वॉर्डातलेच. कोणी अर्ज करत नाही. बिशप बोलावून सांगतो, अमुक काम तुमच्याकडे. आपल्या सोसायटीच्या गणपतीत कशी कामं वाटतात, तसंच. फरक एवढाच की इथे सहसा कोणी नाही म्हणत नाही आणि उत्सव दर रविवारी असतो.

गाणं, प्रार्थना, सूचना झाल्या आणि मग प्रसादविधी. बाजूच्या टेबलावर पांढऱ्या कापडाखाली ट्रे होते. सोळा-सतरा वर्षांच्या दोन मुलांनी कापड दुमडलं आणि गाणं चालू असताना पाव हाताने तोडायला लागली. दुकानातला साधा कापलेला पाव. मग एक जण गुडघ्यावर बसला, टेबलातून लहान माइक ओढला आणि छापील प्रार्थना वाचू लागला. मधे एक शब्द गाळला. थांबला, मान वळवून बिशपकडे पाहिलं. बिशपने मान किंचित हलवली. मुलाचे कान लाल झाले आणि त्याने पहिल्यापासून पुन्हा वाचलं. ही प्रार्थना अक्षरशः जशीच्या तशी म्हणावी लागते आणि चुकली की परत. कोणी हसलं नाही, मागे एक बाळ तेवढं खिदळलं. पावानंतर पाणी, औषधाच्या मापाएवढ्या पेल्यांत. वाइन नाही, कारण दारू, तंबाखू, चहा, कॉफी त्यांना वर्ज्य.

ट्रे घेऊन फिरणारी पोरं बारा-तेरा वर्षांची. पायात बूट, गळ्यात टाय, एकाचा शर्ट मागून बाहेर आलेला. ऐंशीच्या घरातली एक आजी त्याच्या हातातून पाव घेत होती. तिने आयुष्यभर या वॉर्डात काय काय केलं असेल, पण हा ट्रे आशीर्वादून द्यायचा अधिकार तिला कधीच मिळणार नाही, कारण पौरोहित्य फक्त पुरुषांना. कृष्णवर्णीय पुरुषांनाही ते 1978 पर्यंत नव्हतं. शेजारणीला मी नंतर हे विचारलं. “बायका भाषणं करतात, प्रार्थना सांगतात, रिलीफ सोसायटी ही आमची बायकांची संघटना 1842 पासूनची आहे,” ती म्हणाली. मग जरा थांबून, “माझी मुलगी तुझ्यासारखंच विचारते.”

एरवी वॉर्डातले दोन-तीन जण आधी नेमून दिलेल्या विषयावर बोलतात. उपासाच्या रविवारी मात्र माइक मोकळा. ज्याला वाटेल त्याने उठायचं आणि आपल्या श्रद्धेची साक्ष द्यायची. बोलण्याच्या स्टँडवर कागदी रुमालांचा खोका आणि बाजूला बटण. दाबलं की स्टँड मोटरीवर वरखाली होतो. चार वर्षांच्या मुलीसाठी तो घरघरत खाली आला, तिच्या आईने कानात एकेक वाक्य सांगितलं आणि तिने ते माइकमध्ये ओरडून म्हटलं. तिच्यामागून सहा फुटी माणूस उभा राहिला, स्टँड घरघरत वर. ‘मला ठाऊक आहे की हा चर्च खरा आहे’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येकाच्या बोलण्यात येत होतं आणि पाचव्या वेळी माझं लक्ष घड्याळाकडे गेलं. मग पन्नाशीची एक बाई उठली. तिचा मुलगा चर्च सोडून गेला होता, आणि गेल्या महिन्यात तिने त्याला तो विषय न काढता दर रविवारी जेवायला बोलावलं होतं, एवढंच तिने सांगितलं. ठाऊक वगैरे काही म्हणाली नाही. खाली बसल्यावर शेजारच्या बाकावरचा म्हातारा तिला खोका नेऊन देऊन आला.

दुसरा तास वर्गांचा. 2019 च्या आधी हे सगळं तीन तास चालायचं, आता दोन. मोठ्यांच्या वर्गात जो धडा चालू होता, तोच त्या आठवड्यात जगभर सगळीकडे चालू असतो. आम्ही बाहेर आलो तेव्हा लॉबीत दुसऱ्या वॉर्डाची मंडळी नटूनथटून उभी होती. एकाच इमारतीत दोन-तीन वॉर्ड वेळा वाटून घेतात.

कोणाला जायचं असेल तर आमंत्रण लागत नाही. दार उघडं असतं, वर्गणीचं ताट फिरत नाही, प्रसादाचा ट्रे नुसता पुढे सरकवला तरी कोणी काही म्हणत नाही. कपडे जरा नीटनेटके घाला. एप्रिल आणि ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवार-रविवारी मात्र वॉर्डात जाऊ नका, तेव्हा साऱ्या चर्चची परिषद असते आणि तिथे कोणी नसतं. सगळे घरी टीव्हीसमोर, नाहीतर टेंपल स्क्वेअरसमोरच्या 21,000 आसनांच्या कॉन्फरन्स सेंटरमध्ये. तिकीट फुकट आहे, पण आधी मिळवावं लागतं, आणि त्या दिवशी ट्रॅक्समध्ये उभं राहायलाही जागा नसते असं ताई सांगते.