सिलिंडर कुठे संपतो? मिग-टिगच्या गॅसचा हिशेब

मिग (वायर आपोआप पुढे सरकणारं) आणि टिग (टंगस्टनच्या टोकाने होणारं) वेल्डिंग करताना वितळलेला धातू हवेपासून झाकायला आर्गॉन किंवा सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडतात. ७ घनमीटरच्या आर्गॉन सिलिंडरमध्ये ७,००० लिटर गॅस असतो. मिनिटाला १२ लिटर सोडला तर त्यातून आर्कचे, म्हणजे प्रत्यक्ष वेल्डिंगचे, पावणेदहा तास निघायला हवेत. ३० किलो सीओटूचंही असंच. १ किलोचा साधारण ५४० लिटर गॅस होतो, म्हणजे १६,००० लिटरच्या वर, आणि मिनिटाला १५ लिटरने जवळपास १८ तास. फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये एका मशीनवर दिवसभरात आर्क दोन-तीन तासांच्या वर क्वचितच पेटलेला असतो. तरी आर्गॉन दुसऱ्या दिवशी संध्याकाळी संपत असेल, तर तो वेल्डवर गेलेला नाही. वाटेत गेला आहे, आणि ती वाट शोधता येते.

पहिली वाट आपण स्वतः उघडतो. जोडात भोकं पडली की हात आधी फ्लोमीटरच्या (गॅसचा दर दाखवणाऱ्या मापकाच्या) नॉबकडे जातो आणि १५ लिटरचे २५ होतात. इथेच चुकतं. नॉझलमधून (गनच्या तोंडातून) गॅस संथ आणि सरळ आला तरच वितळलेल्या धातूवर त्याचं पांघरूण राहतं. वेग वाढवला की तो गरगरतो आणि बाजूची हवा आत ओढतो, म्हणजे जास्त गॅस घालवून जास्त भोकं. मिगसाठी सोपा ठोकताळा असा: नॉझलचं भोक जितके मिलिमीटर, साधारण तितके लिटर. १६ मिलिमीटरच्या नॉझलला १४ ते १६ लिटर पुष्कळ झाले. टिगला ६ नंबरचा कप (टिगचं नॉझल) असेल तर ६ ते ८ लिटर.

गॅस वाढवण्याआधी पंखा बघा. सेकंदाला दोन मीटरच्या आसपास वारा आला की मिगचं पांघरूण हलायला लागतं, आणि पेडेस्टल पंखा त्याहून कितीतरी जोरात मारतो. मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली माणसाला पंखा बंद कर म्हणणं बरोबर नाही. पंखा वेल्डरच्या पाठीकडे वळवा आणि जॉबच्या बाजूला पत्र्याचा किंवा वेल्डिंगच्या पडद्याचा आडोसा लावा. गॅस वाढवून वाऱ्याशी झुंजता येत नाही.

दुसरी वाट फार कमी लोक मोजतात. ट्रिगर सोडल्यावर फीडरमधला (वायर पुढे ढकलणाऱ्या डब्यातला) सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, बंद होतो, पण फ्लोमीटरमधून गॅस येतच राहतो आणि पाइपातला दाब रेग्युलेटरच्या दाबाइतका, साधारण साडेतीन बारपर्यंत, चढतो. पुढच्या ट्रिगरला हा साठलेला गॅस एकदम फुस्सकन बाहेर पडतो. ८ मिलिमीटर भोकाचा ५ मीटर पाइप धरला तर त्याच्या पोटात पाव लिटर जागा आहे. साडेतीन बारला तिथे पाऊण लिटरच्या वर जादा गॅस बसतो. दीड सेकंदाच्या टाक्याला (भाग जागी धरायला मारलेल्या छोट्या वेल्डला) १५ लिटरच्या दराने लागतो ३७५ मिलिलिटर. म्हणजे टाका मारताना वापरापेक्षा दुप्पट गॅस नुसता फुस्स होण्यात जातो, शिवाय त्या झटक्याने हवा आत येऊन टाक्याच्या सुरुवातीलाच भोक पडतं. दिवसाला हजार टाके असतील तर साडेसातशे लिटर गेले. ग्रिल, रेलिंग, फर्निचर करणाऱ्यांचं काम बहुतेक टाक्यांचंच असतं, म्हणून त्यांचा सिलिंडर सगळ्यात लवकर संपतो. उपाय स्वस्त आहे. सिलिंडर मशीनजवळ आणा, ५ मिलिमीटर भोकाचा पाइप लावा आणि तो २ मीटरच ठेवा. तोच जादा साठा दीडशे मिलिलिटरच्या आत येतो.

आता खरी गळती. मिनिटाला अर्धा लिटर ही तशी कानाला ऐकूही न येणारी गळती. सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा ठेवून १४ तासांची रात्र गेली तर ४२० लिटर गेले. म्हणून काम संपल्यावर व्हॉल्व्ह बंद करण्याची सवय कुठल्याही भागाइतकीच मोलाची आहे.

तपासणी अशी करा. सिलिंडर उघडा, फ्लोमीटरचा नॉब नेहमीच्या जागी ठेवा, ट्रिगर दाबू नका. पाइप भरेपर्यंत थांबा. फ्लोमीटरमधली गोळी खाली बसून स्थिर राहिली पाहिजे. ती तरंगत असेल तर पुढे मोठी गळती आहे. गोळी बसली म्हणून निश्चिंत होऊ नका, बारीक गळती तिला उचलत नाही. सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करा, सिलिंडरच्या दाबाच्या गेजवर काटा कुठे आहे तिथे खडूची खूण करा आणि १५ मिनिटांनी पाहा. काटा उतरला तर सिलिंडर पुन्हा उघडून दाब भरा, फ्लोमीटरचा नॉब पूर्ण बंद करा, मग सिलिंडर बंद करून तीच परीक्षा घ्या. आता काटा स्थिर राहिला तर गळती फ्लोमीटरच्या पुढे, पाइप ते सोलेनॉइडच्या दरम्यान. तरीही उतरला तर सिलिंडर आणि रेग्युलेटरच्या जोडात किंवा रेग्युलेटरमध्ये. सीओटूला हीटर असेल तर तो बंद करून रेग्युलेटर थंड होऊ द्या, नाहीतर अडकलेला गॅस निवल्यानेच काटा खाली येईल आणि नसलेली गळती शोधत बसाल.

जागा नक्की करायला साबणाचं पाणी. भांडी घासायच्या लिक्विडचे चार थेंब आणि ब्रश पुरे. फेस लावून अर्धा मिनिट टक लावून पाहा, बारीक गळतीचे बुडबुडे हळूहळू फुगतात. तपासून झालं की पुसून घ्या. सीओटूच्या जोडात वायसर दबून चपटा झालेला असतो, तो बदला. आर्गॉनच्या जोडात धातूवर धातू बसतो, तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून काही साधत नाही. चरा पडला असेल तर तो भाग बदलावा लागतो. पान्याला नळी घालून आवळलं तर जोड आणखी बिघडतो. पाइपाच्या क्लिपा, फ्लोमीटरच्या काचेखालची ओ-रिंग (रबरी कडं) आणि फीडरच्या मागचं निपल एवढ्यात बहुतेक गळत्या सापडतात. सोलेनॉइडच्या सीटवर कचरा अडकला की गॅस थेट नॉझलपर्यंत येतो. नॉझलच्या तोंडावर फेसाचा पडदा धरा. ट्रिगर न दाबता तो फुगला तर दोष सोलेनॉइडचा.

सोलेनॉइडच्या पुढची बाजू, म्हणजे गन, या परीक्षेत येत नाही. त्यासाठी नॉझलवर धरायची फ्लो मोजायची नळी मिळते, ती प्रत्येक शेडमध्ये असावी असं माझं ठाम मत आहे. वायरचा प्रेशर रोलर सैल करून ट्रिगर दाबा. सिलिंडरवर १५ आणि नॉझलवर ९ दिसत असेल तर मधले ६ लिटर गनच्या मागच्या ओ-रिंगांतून, फाटलेल्या नळीतून किंवा लायनरमधून (वायर ज्यातून येते त्या नळीतून) मागे फीडरकडे जात आहेत. दोन्हीकडे १५ असूनही भोकं पडत असतील तर डिफ्युझरची (नॉझलमध्ये गॅस पसरवणाऱ्या भागाची) छिद्रं स्पॅटरने (उडालेल्या धातूच्या थेंबांनी) बुजलीत का पाहा. तेही साफ असेल तर गॅसला दोष देणं थांबवा आणि प्लेटवरचा गंज, तेल, रंग बघा. टिगमध्ये संशय आधी बॅक कॅपच्या (टॉर्चच्या मागच्या टोपणाच्या) ओ-रिंगवर घ्या. टंगस्टन निळसर-काळं पडत असेल तर ती तरी गेली आहे किंवा पोस्ट-फ्लो (आर्क विझल्यावर चालू राहणारा गॅस) कमी आहे. पोस्ट-फ्लो दर १० अँपिअरला १ सेकंद या मापाने लावा. तिथे काटकसर करून टंगस्टन घालवण्यात नफा नाही.

सीओटूच्या गेजवर किती गॅस उरला हे कळत नाही. आत द्रव असेपर्यंत २० अंशांना काटा ५७ बारच्या आसपासच राहतो, आणि ३१ अंशांच्या वर तर द्रव-वायू हा भेदच उरत नाही, म्हणून उन्हाळ्यात काटा वर चढलेला दिसतो. सिलिंडर वजनावर ठेवा आणि त्यावर ठोकलेलं रिकामं वजन वजा करा. हा सिलिंडर कायम उभाच हवा, आडवा केला तर द्रव रेग्युलेटरमध्ये येतो.

डेअरी आणि साखर कारखान्यांचं स्टेनलेस पाइपिंग करणाऱ्यांसाठी पर्जिंगचा (पाइपातली हवा आर्गॉनने बाहेर काढण्याचा) हिशेब वेगळा मांडायला हवा. ३०० मिलिमीटर व्यासाच्या ६ मीटर पाइपात सव्वाचारशे लिटर जागा असते. ती पाच वेळा धुवायची तर २,१०० लिटर, म्हणजे सिलिंडरचा जवळजवळ तिसरा हिस्सा एका जोडाला. जोडाच्या दोन्ही बाजूंना ३०-३० सेंटिमीटरवर पाण्यात विरघळणाऱ्या कागदाचे बांध घातले की तेच काम २१० लिटरमध्ये होतं. आर्गॉन जड असल्याने तो खालून आत सोडा आणि हवेला वाट वरून ठेवा.

आत उतरून टाकी वेल्ड करताना हाच जडपणा जीव घेतो. आर्गॉनला वास नाही, आणि गुदमरण्याची जाणीव होण्याआधी माणूस कोसळतो. जेवणाच्या सुट्टीत गन टाकीत सोडून बाहेर येऊ नका, गन बाहेर काढा आणि सिलिंडर बंद करा. परत उतरण्याआधी ब्लोअरने हवा मारा आणि मीटरने ऑक्सिजन तळाशी मोजा. १९.५ टक्क्यांच्या खाली आकडा असेल तर कुणीही आत जायचं नाही, आत पडलेल्याला काढायलासुद्धा श्वसनाचं उपकरण लावल्याशिवाय नाही.